‘चीत’ झालेला फलंदाज

इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावात पिकं निघालेल्या रानात टेनिस चेंडूचे सामने भरले, की खेळपट्टीवरची पोरं ‘दांडी गुल!’ म्हणून ओरडतात. मंडपात ध्वनिक्षेपक घेऊन बसलेला निवेदक मात्र त्याच चेंडूला ‘त्रिफळाचीत’ म्हणतो. या शब्दातला ‘चीत’ क्रिकेटचा नाही, तालमीतला आहे. पैलवानाची पाठ मातीला लागली की तो चीत. पायचीत, यष्टिचीत, धावचीत, त्रिफळाचीत हे सगळे शब्द कुस्तीची माती अंगाला घेऊन क्रिकेटच्या मैदानात उतरले. ज्या मुलखात जत्रेतला फड सगळ्यांच्या ओळखीचा, तिथे बाद होणं म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागलं नाही.

हे शब्द गावापर्यंत पोचले ते आवाजातून. आवडत्या संघाचा सामना कसा पाहायचा, या प्रश्नाला खेड्यात कित्येक वर्षं एकच उत्तर होतं: कानांनी. म्हणून इथे सामना पाहण्याची कुळकथा सांगायची तर ती आवाजापासूनच सांगावी लागते.

भारतात क्रिकेटचं धावतं समालोचन १९३४ साली मुंबईत सुरू झालं. ए. एफ. एस. तल्यारखान ऊर्फ बॉबी यांनी चौरंगी स्पर्धेतल्या पारशी-मुस्लिम सामन्याचं वर्णन केलं. मायक्रोफोन दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेणं त्यांना मंजूर नसे. दिवसभर ते एकटेच बोलत. पण ते बोलत इंग्रजीत. शहरातल्या सुशिक्षित श्रोत्यापलीकडे त्या आवाजाला वाट नव्हती.

आवाज नसला तर काय हुकतं, ते डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात दिसलं. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम ९ धावांवर आला होता, आणि तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. रणजी करंडकातली ती आजही सर्वांत मोठी खेळी. पुण्यात तेव्हा आकाशवाणीचं केंद्रच नव्हतं. कळस तिथून काही फार लांब नाही, तरी त्या दिवशी ते पुण्यापासून लंडनइतकंच दूर होतं, असं वाटतं.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. पुढे १९५६ मध्ये याच केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुण्यासह ५ जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट बांधले आणि त्यांच्यासाठी २० कार्यक्रम प्रसारित केले. एका रेडिओभोवती बसायचं, ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, अशी ती रीत. विषय खत-बियाण्यांचे होते, क्रिकेटचे नव्हते. पण पारावरच्या ट्रान्झिस्टरभोवती सामना ऐकणाऱ्यांची बैठक आठवली, की ही दोन चित्रं शेजारी ठेवावीशी वाटतात. एक संच, बारा कान, आणि प्रत्येक षटकानंतर चर्चा.

या बैठकीला तिची भाषा दिली ती बाळ ज. पंडितांनी. ते महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. त्यामुळे चेंडू वळण्याआधी गोलंदाजाच्या मनगटात काय घडतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, बावीस यार्डांवर भोगलेलं होतं. मराठी समालोचन त्यांनी रुजवलं. हे काम नुसत्या भाषांतराचं नव्हतं. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात आणि पुढच्या काही क्षणांत क्षेत्ररक्षक कुठे आहे, फटका कुठल्या दिशेने गेला आणि धाव निघाली की नाही, हे न दिसणाऱ्या माणसाला दिसेल असं सांगायचं. शब्द आखूड हवा आणि ओठांवर बसायला हवा. ‘पायचीत’ चार अक्षरांत पंचाचं बोट वर करून दाखवतो. २०१५ मध्ये पंडित गेले. त्यांनी घरोघरी पोचवलेले शब्द आजही रोजच्या क्रीडापानावर आहेत.

मग चित्र आलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८३ ची विश्वचषकाची अंतिम लढत दूरदर्शनने थेट दाखवली. पण त्याच स्पर्धेत झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवने केलेल्या नाबाद १७५ धावा कॅमेऱ्याने टिपल्याच नाहीत. दूरचित्रवाणी आल्यावरही अनेक घरांत तिचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावला जाई. डोळ्यांना चित्र मिळालं, तरी कान आपल्या माणसाला सोडायला तयार नव्हते.

आता सामना फोनवर आहे. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवली, तीही १२ भाषांत, आणि त्यात मराठी होती. शेतात पाणी धरता धरता बोट फिरवून आपली भाषा निवडायची सोय झाली. त्या मराठी समालोचकांच्या चमूत क्रिकेटपटू केदार जाधव होता. त्याचं मूळ गाव जाधववाडी, माढा तालुक्यातलं. इंदापूर तालुक्याची हद्द भीमेपाशी संपते आणि पल्याड माढा लागतो. समालोचनाचं काम चालू असतानाच त्याला बंगळुरूच्या संघाचे प्रशिक्षक संजय बांगर यांचा फोन आला. त्या संघातला डेव्हिड विली जायबंदी झाला होता. १ मे रोजी त्याच्या जागी केदारचं नाव जाहीर झालं, आणि कालपर्यंत फलंदाज कसा चीत झाला हे सांगणारा माणूस पॅड बांधायला निघाला.