कोयनेल आणि बेताल हृदय

१/ ६ मे १९२२. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती मुंबईत हृदयविकाराने निवर्तले. वय अवघे ४७. हृदयरोग्याचे ठोके बेताल झाले, तर त्या काळच्या वैद्यकाजवळ काय होते?

२/ ताल सुटलेली नाडी वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. कारण मात्र अज्ञात होते. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी हृदयाच्या विद्युत्-आलेखावरून दाखवले की, हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन.

३/ संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप, उच्च रक्तदाब, थायरॉईडचा अतिरेक आणि वाढते वय ही त्याची प्रमुख कारणे.

४/ विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये प्रचारात आणलेले डिजिटालिस ठोक्यांची गती आवरी. ताल परत आणीत नसे. १९१२ मध्ये एका डच व्यापाऱ्याने डॉ. वेंकेबाख यांना सांगितले, हिवतापावरचे कोयनेल घेतले की आपली नाडी सुधारते. दुसऱ्या दिवशी त्याने ते सिद्ध करून दाखवले! १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी कोयनेलचेच भावंड, क्विनिडीन, अधिक गुणकारी ठरवले.

५/ खरा घात गुठळीचा. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळते; गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. गुठळी रोखणारे वॉर्फरिन रुग्णांसाठी १९५४ मध्ये आले. १९९८ मध्ये बोर्दोच्या हाइसागेर यांनी बिघाडाचा उगम बहुधा फुप्फुसशिरांत असतो हे दाखवले. तेथील ऊती निकामी करण्याचा उपचार त्यातूनच रुजला.

६/ आज कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शाहूंचेच नाव आहे. लुईस यांनी वापरलेला तो आलेख, म्हणजे ईसीजी, आता काही मिनिटांत निघतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची नाडी बेताल लागली, तर तो काढून घेण्यास विलंब नको.