टोपीची टांचणी : दागिना, शस्त्र आणि दफ्तर

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारांस एक अडचण वारंवार पडते. वस्तु हातीं असते, ती अस्सल असते, तिचा काळहि बहुतेक ठरलेला असतो. परंतु ती कोणत्या कपाटांत ठेवावी हें मात्र ठरत नाहीं. रत्नजडित मुठीची कट्यार जवाहिरांत मोजावी कीं हत्यारांत, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. प्रस्तुत लेखांत अशाच एका वस्तूचा विचार करावयाचा आहे. ती आपल्या देशांतील नव्हे. युरोप व अमेरिका येथील स्त्रिया, सुमारें इ. स. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत, डोक्यावरील टोपी केंसांवर पक्की बसावी म्हणून जी लांब पोलादी टांचणी वापरीत, ती ही वस्तु होय. तिचा प्रपंच या पृष्ठांत करण्याचें कारण असें कीं, तिच्या निमित्तानें पुराव्यासंबंधींचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या दफ्तरांनाहि तितकाच लागू आहे.

प्रथम वस्तूचें वर्णन. हनुवटीखालीं फीत बांधून बसविण्याचें शिरोभूषण मागें पडलें आणि केंसांचा उंच डोलारा करून त्यावर टोपी ठेवण्याची रीति आली, तेव्हां टोपी अडकवावयाची कशानें हा प्रश्न उत्पन्न झाला. उत्तर ही टांचणी. ती टोपीच्या एका बाजूनें शिरे, केंसांच्या गुंडाळ्यांतून आरपार जाई, आणि दुसऱ्या बाजूनें बाहेर पडे. दांडी पोलादाची व टोंक अणकुचीदार. बोंडावर मात्र सर्व कलाकुसर. रुप्याचें, मिन्याचें, रंगीत कांचेचें, चिनी मातीचें, अशीं नाना तऱ्हांचीं बोंडें आढळतात. इंग्लंडांत हॅलिफॅक्स येथील चार्ल्स हॉर्नर यांच्या कारखान्यांतील रुपेरी बोंडें संग्राहकांत विशेष प्रसिद्ध आहेत; त्यांवर चेस्टर येथील कसोटीघराचा छाप व वर्षाचें अक्षर असल्यामुळें काळनिर्णयास आयतेंच साधन मिळतें. आपल्याकडील राखडी, मूद, आकडे या केशभूषणांशीं हिचें नातें लावण्याचा मोह होतो. परंतु त्यांपैकीं कशाचीहि दांडी एवढी लांब नसते. १९०७ सालीं ‘मेरी विडो’ नांवाची संगीतिका लंडनच्या रंगभूमीवर आली व तींतील नायिकेच्या परातीएवढ्या टोपीचें वेड सर्वत्र पसरलें. टोपी जसजशी रुंदावली तसतशी टांचणी लांबत गेली, आणि वीतभराची जी वस्तु ती फूटभरावर गेली.

आतां ज्या रस्त्यावर ती वापरली गेली त्याकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील मोठ्या शहरांत टंकलेखिका, दुकानांतील विक्रेत्या, कारखान्यांतील मजूर स्त्रिया अशा हजारों स्त्रिया सोबतीस कोणी पुरुष न घेतां ट्रामनें व घोडागाडीनें जाऊं येऊं लागल्या. त्याबरोबर एका विशिष्ट जातीचा सोदाहि रस्त्यावर दिसूं लागला. उंची पोषाख, तोंडांत गोड भाषा, आणि गर्दीचा फायदा घेऊन अंगचटीस येण्याची संवय. त्यास तेथें ‘मॅशर’ म्हणत. हा शब्द इतका रूढ झाला होता कीं, थिओडोर ड्रायझर यानें १९०० सालच्या आपल्या ‘सिस्टर कॅरी’ कादंबरींत एका पात्राचें वर्णन करितांना त्याचा अर्थच फोड करून सांगितला आहे.

अशा एका प्रसंगाची हकीकत न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत आली. ती थोडी विस्तारानें देण्यासारखी आहे. कॅन्सस प्रांतांतील एक तरुणी शहर पाहण्यास आली होती. ता. २८ मे १९०३ रोजीं दुपारीं ती तेविसाव्या रस्त्यावर फिफ्थ अॅव्हेन्यूच्या घोडागाडींत बसली. गाडी भरलेली. शेजारीं एक वयस्क गृहस्थ, पोषाख उत्तम, चर्या परोपकारी. गाडीस हिसका बसला तसे ते इंचभर सरकले. दुसरा हिसका बसला तेव्हां त्यांचा खांदा तिच्या खांद्यास लागला. पुढें त्यांनीं हात उचलून तिच्या पाठीमागून कमरेशीं नेला. तिनें कांहीं एक न बोलतां टोपींतील जवळजवळ फूटभर लांबीची टांचणी उपसली आणि त्यांच्या दंडांत खुपसली. गृहस्थ मोठ्यानें ओरडले व पुढच्या थांब्यावर उतरून गेले. त्या मुलीनें पत्रकारास सांगितलेल्या गोष्टीचा मतलब असा कीं, एवढ्या सभ्य दिसणाऱ्या म्हाताऱ्यास दुखविल्याचें तिला वाईट वाटलें. परंतु न्यूयॉर्कच्या बायका हें चालवून घेत असल्या तरी कॅन्ससच्या मुली घेणार नाहींत.

या हकीकतींत ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट टोंचण्याची नव्हे, सांगण्याची आहे. गृहस्थ निघून गेले, गाडी पुढें गेली. ती मुलगी पत्रकाराशीं बोलली नसती तर त्या दुपारचा कागदाचा एक कपटाहि राहिला नसता. असे प्रसंग एकाच गाडींत एकदांच घडले असें मानण्याइतका भोळा वाचक आमच्या पत्रिकेस लाभलेला नाहीं.

याच्या उलट, टांचणीनें झालेल्या अपघातांची नोंद मात्र भरपूर. ट्राममधून जाणाऱ्या एका तरुणास शेजारणीच्या टोपींतील टोंक कानामागें लागलें आणि आठवड्याच्या आंत तो बेशुद्ध होऊन मरण पावला. स्क्रॅंटन येथें एकोणीस वर्षांच्या मुलीनें थट्टेनें आपल्या प्रियकरावर टांचणी रोखली ती त्याच्या हृदयांत शिरली. आपल्या दोघी सोबतिणींस पकडून नेणाऱ्या पोलिसांवर शंभर गिरणीवाल्या बायका टांचण्या घेऊन तुटून पडल्या. अशा बातम्या अमेरिकन वृत्तपत्रें ठळक मथळ्यांनीं छापूं लागलीं, आणि पांचदहा वर्षांपूर्वीं जी टांचणी शौर्याचें चिन्ह होती ती सार्वजनिक संकट ठरली. या बातम्या खोट्या होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. माणसें खरोखरच जखमी झालीं, कांहीं मेलीं. प्रश्न इतकाच कीं, कोणतीं दुखणीं कागदावर चढलीं आणि कोणतीं चढलीं नाहींत.

मार्च १९१० मध्यें शिकागो शहराच्या नगरसभेपुढें ठराव आला : नऊ इंचांहून लांब टांचणी वापरणें गुन्हा, वापरणारीस अटक व पन्नास डॉलर दंड. नऊ इंच म्हणजे आपली बरोबर एक वीत. सभागृह प्रेक्षकांनीं खच्चून भरलें होतें. ठरावाच्या बाजूच्या एका सभासदानें अशा आशयाचें भाषण केलें कीं, स्त्रियांनीं डोक्यावर गाजरें लावावींत, कोंबडे बसवावे, तो त्यांचा प्रश्न. पण तलवारी बाळगूं लागल्यास त्यांना आवरलें पाहिजे. स्त्रियांच्या मंडळांच्या वतीनें एका बाईनें उत्तर दिलें, त्याचा मतलब : शहरांतील पुरुषांस आमच्या टांचण्या हव्या असतील तर त्यांनीं आधीं रस्ते निर्भय करावे. मतें पडलीं, अडुसष्ट विरुद्ध दोन अशा मतांनीं ठराव पास झाला. त्या काळीं शिकागोच्या स्त्रियांस नगरसभेच्या निवडणुकींत मत नव्हतें, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तें त्यांस १९१३ सालीं मिळालें.

पुढें मिल्वॉकी, पिट्सबर्ग, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स या शहरांनींहि असेच निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियांत सिडने येथें १९१२ सालीं साठ स्त्रियांनीं दंड भरण्याऐवजीं तुरुंगांत जाणें पत्करलें अशी नोंद आहे. निर्बंधांतून एक नवी वस्तु मात्र जन्मास आली, ती म्हणजे टोंकावर बसविण्याचें लहानसें टोपण. हीं टोपणें बाजारांत आलीं, पण बायकांनीं तीं घ्यावयास फारशी उत्सुकता दाखविली नाहीं. लंडनच्या शिष्ट स्त्रियांनीं तर तीं घेण्याचें साफ नाकारलें.

येथें दफ्तरांच्या अभ्यासकांस परिचित असा एक दाखला देतों. ज्या किल्ल्याचा तट मजबूत आणि शिबंदी जागती, त्यावर शत्रु सहसा चालून जात नाहीं. त्या किल्ल्याच्या कागदांत लढाईचें वर्णन सांपडत नाहीं. सांपडतो तो शिबंदीचा रोजमुरा, तटाच्या डागडुजीचा खर्च, आणि कोठारांत दारू पेटून दोन माणसें भाजल्याचा उल्लेख. हे कागद तेवढेच वाचून कोणी असा निष्कर्ष काढील कीं हा किल्ला निव्वळ खर्चाचा व अपघाताचा, तर त्याची आपण कींव करूं. टांचणीच्या बाबतींत शिकागोच्या अडुसष्ट सभासदांनीं नेमकें हेंच केलें. जो हात टांचणीच्या धाकानें मागें घेतला गेला त्याची नोंद कोणतें पोलीस ठाणें करणार? निवारण झालेल्या अत्याचाराची फिर्याद होत नाहीं, पंचनामा होत नाहीं, निवाडाहि होत नाहीं.

त्याच काळांत लंडनमध्यें एडिथ गॅरुड या बाई मताधिकाराच्या चळवळींतील स्त्रियांस जुजुत्सु शिकवीत. त्यांची माहिती आज सहज मिळते, कारण तें काम एका संघटित चळवळीचें होतें, आणि १९१० सालीं ‘पंच’ पत्रानें त्या विषयावर व्यंगचित्रहि काढलें होतें. टोपींत टांचणी खोंचून रोज कामावर जाणाऱ्या विक्रेतीस असा चित्रकार मिळाला नाहीं.

शिकागोनें टांचणीची लांबी मोजली. दुसरा मार्ग जागा राखण्याचा. न्यूयॉर्क व न्यू जर्सी यांमध्यें नदीखालून जाणाऱ्या हडसन रेल्वेनें १९०९ च्या वसंत ऋतूंत गर्दीच्या वेळीं स्त्रियांसाठीं वेगळा डबा ठेवून पाहिला; थोड्याच महिन्यांत तो बंद झाला. या बाबतींत आपल्याकडील कायदा जुना आहे. १८९० च्या हिंदी रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमानें उतारूंच्या प्रत्येक गाडींत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठीं राखणें रेल्वेवर बंधनकारक केलें. १९८९ च्या नव्या कायद्यांतहि स्त्रियांसाठीं जागा राखण्याची तरतूद कायम राहिली, आणि मे १९९२ मध्यें चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठीं धांवूं लागली. आमच्या मतें १८९० चें तें कलम स्त्रीसंरक्षणाच्या इतिहासांत अधिक बारकाईनें अभ्यासिलें जावें. त्यांत पडद्याचा विचार किती आणि सुरक्षिततेचा किती, याचा उलगडा रेल्वेच्या जुन्या पत्रव्यवहारांत शोधावा लागेल. शिवाय एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे : स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या शस्त्रनियमांत परवाना लागणाऱ्या धारदार हत्याराच्या पात्याची मर्यादा नऊ इंचच होती. त्या नियमांतून घरगुती उपयोगाचीं हत्यारें मात्र वगळलेलीं होतीं. घरगुती वस्तु कोणती व हत्यार कोणतें, हा आमचा पहिलाच प्रश्न तेथेंहि उभा होता.

टांचणी कायद्यानें मेली नाहीं. महायुद्धानें पोषाख आटोपशीर झाला, पुढें केंस आंखूड झाले, आणि १९२० नंतर डोक्यास घट्ट बसणारी घंटेच्या आकाराची टोपी आली. तिला आधाराची गरजच नव्हती. वस्तूचें दृश्य काम संपलें आणि त्याबरोबर अदृश्य कामहि संपलें. तें करण्यास दुसरी वस्तु लगेच आली नाहीं.

हल्लीं मिरपुडीचा फवारा ओठ रंगविण्याच्या नळीच्या आकारांत विकतात, गळ्यांतील पदकांत कर्कश शिटी बसवितात, हातांतल्या कड्यासारख्या यंत्रांतून आप्तांस इशारा जाण्याची सोय करितात. यांत आणि टोपीच्या टांचणींत एक भेद आहे. टांचणी मुळांत अलंकार. प्रसंगानें तिला शस्त्र केलें. या नव्या वस्तु मुळांतच संरक्षणासाठीं घडविलेल्या, आणि त्यांवर अलंकाराचें पांघरूण घातलेलें. पण संग्रहाच्या दृष्टीनें दोघींची गति एकच व्हावयाची. पन्नास वर्षांनीं त्या शृंगाराच्या कपाटांत जातील, आणि त्या कोणी, कोठें, कशाच्या भीतीनें जवळ बाळगल्या हें कोणास सांगतां येणार नाहीं. पुण्यांत राजा दिनकर केळकर संग्रहालयानें अडकित्ते, दिवे, फण्या अशा रोजच्या वस्तूंस जो मान दिला तोच मान यांनाहि मिळणें अवश्य आहे, आणि तो वस्तु वापरांत असतांनाच मिळाला तर बरें.

संग्राहक मित्रांस म्हणून एवढेंच सांगणें कीं, अशी वस्तु हातीं आल्यास बोंडाच्या नक्षीवर संतुष्ट राहूं नये. दांडीची पुरी लांबी, टोंकाची धार, दांडी वांकलेली आहे काय, हें टिपावें. जिच्या घरांतून ती आली त्या बाईस, अथवा तिच्या मुलीनातींस, ती कोणत्या रस्त्यानें कामावर जात असे तें विचारावें व शब्दशः लिहून ठेवावें. टोंकावर टोपण असेल तर तें मागाहून जोडलेलें क्षुल्लक अंग समजून काढून टाकूं नये. तें बहुधा १९१० च्या आसपासचें असतें, आणि त्याच्या आंतील बाजूस घांसल्याच्या खुणा आहेत कीं नाहींत यावरून तें खरोखर वापरलें गेलें, कीं केवळ दंडाच्या भीतीनें विकत घेऊन पेटींत ठेविलें, याचा थोडाफार अंदाज बांधतां येतो.