कापसातला ओलावा मशीनला कसा कळतो? सेन्सर आणि ट्रान्सड्यूसरची सोपी ओळख

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वडनेर हे गाव आहे. हा पट्टा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. सीतादही करून वेचणी सुरू झाली की काही आठवड्यांत कापसाच्या गाड्या विक्रीला निघतात. खरेदी केंद्रावर गाडी लागते, ग्रेडर कापसात हात घालून पाहतो आणि मग एक छोटे मीटर आत खुपसतो. काही सेकंदांत आकडा येतो: ९.४, ११.२ किंवा १२.६.

या आकड्यावर कापसाचा भाव ठरतो. मात्र मीटरला पाणी दिसत नाही आणि ते पाण्याचे वजनही करत नाही. मग आकडा येतो कुठून?

एका टक्क्याची किंमत किती?

भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने कापूस घेताना ८ टक्के ओलावा प्रमाण मानते. ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर कापूस घेतला जात नाही.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्याचा हिशोब असा:

- ८ टक्के: ८,११० रुपये
- ९ टक्के: ८,०२८.९० रुपये
- १० टक्के: ७,९४७.८० रुपये
- ११ टक्के: ७,८६६.७० रुपये
- १२ टक्के: ७,७८५.६० रुपये

म्हणजे मीटर एक टक्का जरी जास्त दाखवत असेल, तरी क्विंटलमागे ८१ रुपये जातात. २० क्विंटलची गाडी असेल तर १,६२२ रुपये. आणि खरा ओलावा ११.५ असताना मीटरने १२.५ दाखवले, तर अख्खी गाडी परत फिरते.

सेन्सर म्हणजे काय, ट्रान्सड्यूसर म्हणजे काय?

एका रूपातली ऊर्जा दुसऱ्या रूपात बदलणारे साधन म्हणजे ट्रान्सड्यूसर, मराठीत ऊर्जा-परिवर्तक. मोबाइलचा माइक आवाजाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि स्पीकर त्याच्या उलट, विजेचा आवाज करतो. दोन्ही ट्रान्सड्यूसरच.

सेन्सर, म्हणजे संवेदक, आजूबाजूचा बदल टिपतो आणि मोजता येईल असा संकेत देतो. माइक आवाज टिपतो, म्हणून तो सेन्सरही आहे. स्पीकर काही टिपत नाही, म्हणून सहसा त्याला सेन्सर म्हणत नाहीत. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण फरक एवढाच लक्षात ठेवला तरी पुरे.

बहुतेक मोजणाऱ्या यंत्रांत साखळी सारखीच असते. आधी बाहेरचा बदल, मग त्यामुळे सेन्सरच्या एखाद्या गुणधर्मात झालेला बदल, मग विजेचा बारीक संकेत. तो संकेत मोठा केला जातो, त्याचे अंकांत रूपांतर होते आणि शेवटी पडद्यावर आकडा उमटतो.

कापसाचे मीटर नेमके काय मोजते?

कापसासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक हातमीटरना धातूच्या दोन सुया किंवा दोन पट्ट्या असतात. त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. त्या कापसात घातल्या की एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे अगदी क्षीण वीज सोडली जाते. कोरडा कापूस विजेला जवळजवळ अडवूनच धरतो. कापसाने पाणी धरलेले असेल तर वाट मोकळी होते. विजेला होणाऱ्या या अडथळ्याला रोध म्हणतात.

ओलावा ८ वरून १२ टक्क्यांवर गेला तर कापसाचा रोध दहा पटींहूनही जास्त कमी होतो. एवढा मोठा फरक टिपणे मीटरला सोपे जाते. ‘इतका रोध म्हणजे इतका ओलावा’ हे कोष्टक मीटरमध्ये आधीच भरलेले असते. मीटर रोध मोजते आणि कोष्टकातून ओलाव्याचा आकडा काढून दाखवते.

म्हणजे पडद्यावरचा आकडा हा एक अंदाज असतो. रोध ज्या ज्या कारणाने बदलतो, त्या प्रत्येक कारणाने हा अंदाज हलतो. अशी मुख्य कारणे चार:

- दाब: कापूस दाबून धरला की तंतू एकमेकांना आणि सुयांना जास्त चिकटतात. रोध घटतो आणि ओलावा जास्त दिसतो. तोच कापूस सैल ठेवला तर आकडा कमी येतो.
- दव: सकाळी वेचलेल्या कापसावर पाण्याचा पातळ थर असतो. सुया नेमक्या तिथे लागल्या तर आकडा एकदम चढतो, आतला कापूस कोरडा असला तरी.
- तापमान: गरम कापसातून वीज जास्त सहज जाते. चांगल्या मीटरमध्ये त्याची दुरुस्ती करण्याची सोय असते.
- हात: घामेजल्या हाताचा मीठ-पाण्याचा अंश कापसाला लागला तरी रोध घटतो.

सोयाबीनचे मीटर वेगळे का?

धान्य तपासणारी अनेक मीटर दुसऱ्या तत्त्वावर चालतात. डब्यात दाणे भरले की मीटर त्यांची विद्युतधारिता पाहते, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता. पाण्याचा हा गुण सुक्या दाण्याच्या कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळे थोडे पाणी वाढले तरी संकेत बदलतो. मोबाइलच्या पडद्याला बोट कळते तेही धारितेतल्या बदलामुळेच.

सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ च्या खरेदीत केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.

आणि वजनकाटा?

गाडी ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, त्याखाली लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेली तारेची बारीक जाळी, स्ट्रेन गेज. वजन पडले की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतके वाकते, तार किंचित ताणली जाते आणि तिचा रोध बदलतो. स्ट्रेन गेज १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांशी संबंध नसताना शोधले. यातून मिळणारा संकेत काही मिलीव्होल्टचाच असतो, म्हणून तो वाढवून वाचावा लागतो.

काळ लोटला की सेन्सर थोडा सरकतो. म्हणून माहीत असलेल्या वजनाशी काटा पुन्हा जुळवावा लागतो. याला अंशांकन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. व्यापारात वापरल्या जाणाऱ्या काट्याची वैध मापनशास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीत पडताळणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ओलाव्याच्या मीटरची खरी कसोटी मात्र ओव्हन आहे. नमुना तोलायचा, सुमारे १०५ अंश सेल्सिअसला पूर्ण वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी होते.

वाळवून फायदा होतो का?

इथे एक हिशोब पाहण्यासारखा आहे. आकडा एकूण वजनातल्या पाण्याचा धरला, तर १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो कापसात ८८ किलो कोरडा माल असतो. तो ८ टक्क्यांवर वाळवला की वजन सुमारे ९५.६५ किलो उरते. पूर्ण हमीभावाने त्याचे सुमारे ७,७५७ रुपये होतात. न वाळवता १२ टक्क्यांवरच विकला तर ७,७८५ रुपये मिळतात. म्हणजे या पट्ट्यात कपात जवळपास पाण्याच्या वजनाइतकीच आहे.

मोठे नुकसान १२ ची रेघ ओलांडल्यावर होते, कारण तिथे हमीभावच हातून जातो. म्हणून १२ च्या बेतात असलेला कापूस वाळवलाच पाहिजे.

शेतकऱ्याने काय पाहावे?

- दव उडाल्यावर वेचणी करावी. सकाळचा ओला वेचा कोरड्या कापसात मिसळू नये.
- घरी वाळवताना १० किलोचा नमुना आधी आणि नंतर तोलावा. तो ९ किलो ७०० ग्रॅम भरला तर ३०० ग्रॅम पाणी गेले, म्हणजे पहिल्या वजनाच्या ३ टक्के.
- उन्हातला तापलेला कापूस लगेच तपासायला देऊ नये, थोडा निवू द्यावा.
- गाडीत एकाच जागी नव्हे, तर वर, मध्ये आणि तळाशी तपासणी करण्याची विनंती करावी.
- दोन आकड्यांत मोठा फरक आला तर त्याच जागी, तेवढ्याच दाबाने पुन्हा मोजायला सांगावे. तरीही शंका उरली तर दुसऱ्या मीटरने पडताळणी मागावी.

हे मागताना वाद घालण्याची गरज नाही. मीटर रोध मोजते आणि रोध दाबाने, दवाने, उष्णतेने बदलतो, एवढे ठाऊक असले की योग्य प्रश्न विचारता येतो.