पाय वाचवल्याचे पैसे कोण देते?

मधुमेहाच्या रुग्णाला रोज गोळ्या लागतात, काही महिन्यांनी रक्त तपासावे लागते, वर्षातून एकदा डोळ्यांचे पडदे आणि पावले पाहून घ्यावी लागतात. यांतील कशासाठीही रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. हे सारे राहून गेले तर काही वर्षांनी पायाची जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो. विम्याचा पैसा या दोहोंपैकी कोणत्या कामाकडे जातो, याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1883 साली, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने डॉक्टरला त्याच्या यादीतील माणसांमागे वर्षाला ठरावीक रक्कम मिळू लागली. तेव्हा आजार म्हणजे काही दिवसांचे अंथरूण, अशीच कल्पना होती. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे एका 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र बदलले. पूर्वी दगावणारा रुग्ण आता जगू लागला. पण त्याला उपचार जन्मभर लागणार होते. थोड्या दिवसांच्या आजारासाठी बेतलेला विमा त्याला अपुरा पडू लागला.

दरडोई पद्धत आपल्याकडेही आली. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याखाली मुंबईत पॅनेल डॉक्टर नेमले गेले. या पद्धतीत रुग्ण निरोगी राहिला तर डॉक्टरचे काम वाचते, हा फायदा. पण रुग्णाला कमी वेळ दिला तरी रक्कम तीच मिळते, हा तोटा. अमेरिकेने 1983 साली वृद्धांच्या सरकारी विम्यात तिसरा मार्ग धरला: निदानानुसार प्रत्येक दाखल रुग्णामागे ठरावीक रक्कम. त्यामुळे रुग्णाला विनाकारण खाटेवर ठेवण्याचे कारण उरले नाही. मात्र पैसा दाखल झाल्यावरच मिळतो.

महाराष्ट्राची योजना याच जातीची आहे. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर, म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातही (2024 पासून अहिल्यानगर) आली. 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. गरीब कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रियांसाठी तिचा खरा आधार झाला. पण तिची पॅकेजे मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहेत. मधुमेह्याची महिन्याची गोळी त्यांत बसत नाही. ती सरकारी दवाखान्यातून मिळवायची किंवा पदरमोड करून घ्यायची.

मग चांगल्या देखभालीलाच पैसे जोडले तर? तैवानने 2001 साली आणि ब्रिटनने 2004 साली तसे केले. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या तपासण्यांच्या नोंदी भराभर सुधारल्या. परंतु दमा आणि हृदयविकार यांत ज्या बाबींना पैसे जोडलेले नव्हते त्या मागे पडल्याचे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तैवानमध्ये गुंतागुंतीचे रुग्ण योजनेबाहेर राहण्याकडे कल दिसला. जे मोजले जाते तेच केले जाते, हा धडा शाळेतल्या गुणपत्रिकेवरून आपल्या परिचयाचा आहेच!

याच जिल्ह्यात एक वेगळी वाट 1970 सालीच सुरू झाली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आरंभी भर होता पाणी, अन्न आणि बाळंतपण यांवर. पुढे मधुमेह व रक्तदाबही आले. घरोघरी फिरणाऱ्या बाईला कोणाच्या पायाला जखम आहे हे रुग्णालयाच्या आधी कळते. पॅकेजच्या यादीत या कळण्याला रकाना नाही.

दाखल होण्याचे पॅकेज हवेच. त्यावाचून कर्ज काढावे लागते. पण त्याच्या जोडीला प्रत्येक मधुमेह्यामागे वर्षभराच्या देखभालीची ठरावीक रक्कम गावाजवळच्या आरोग्यकेंद्राला मिळायला हवी, असे आम्हांला वाटते. शिक्षकांनी वरच्या वर्गात मुलांकडून एक तक्ता करून घ्यावा: दरडोई रक्कम, दाखल रुग्णामागे रक्कम, चांगल्या नोंदीमागे रक्कम. प्रत्येकात डॉक्टरला काय करावेसे वाटेल आणि काय टाळावेसे वाटेल, हे मुलांनाच शोधू द्यावे.