चिनी कैद्यांचे मळे

महाबळेश्वरच्या शेतीची हकिकत सांगताना बहुतेक लेखक साहेबापासून सुरुवात करतात. साहेब आला, त्याला थंड हवा मानवली, त्याच्या जेवणाच्या टेबलासाठी बटाटा, गाजर, कोबी आले, पुढे स्ट्रॉबेरी आली. यात खोटे काही नाही. फक्त साहेबाने स्वतः कुदळ कधी धरली नव्हती, एवढे त्यातून निसटते. सुरुवातीच्या काळात ही कुदळ बऱ्याच अंशी कैद्यांच्या हाती होती, आणि ते कैदी चिनी आणि मलायी होते.

1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगरमाथा कंपनी सरकारला दिला आणि गव्हर्नर माल्कमच्या नावाने माल्कमपेठ वसली. जागा साडेचार हजार फूट उंचीवर, जांभ्या दगडाची. वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस, त्यामुळे उतारावरची माती टिकत नाही. पूर्वीपासून राहणारे कोळी, कुळवाडी, धनगर नाचणी-वरीवर भागवत. राब जाळून कुमरी करायची, दोन-तीन वर्षांनी जमीन सोडून पुढे सरकायचे, ही इथली रीत. धावड लोखंडाच्या भट्ट्या चालवत. बारमाही भाजीपाल्याचे मळे या रीतीत बसणारे नव्हते, आणि तशी गरजही कुणाला नव्हती.

गरज निर्माण झाली ती बंगले उठल्यावर. पिनांग, मलाक्का, सिंगापूर या कंपनीच्या वसाहतींतून जन्मठेपेचे चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात धाडले जात. त्यांच्यासाठी इथे तुरुंग उभा राहिला. 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये या तुरुंगाची नोंद आहे: सुमारे 120 कैदी, रस्त्यांची कामे, आरारूट तयार करणे, बागाईत. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला.

याच वर्षांत उलट दिशेची वाहतूकही चालू होती, हे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. हिंदुस्थानातले कैदी काळे पाणी ओलांडून सिंगापूरला जात होते. तिथले रस्ते त्यांनी बांधले, सेंट अँड्र्यूजचे मोठे चर्चही त्यांच्याच श्रमातून उभे राहिले. माणसाला त्याच्या मुलखातून उपटून अशा ठिकाणी नेऊन ठेवायचे, जिथे त्याची भाषा कुणाला कळणार नाही आणि पळून जायला ओळखीची वाट नसेल, हा कंपनीचा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखाच होता.

महाबळेश्वरात मात्र या हिशेबातून शिल्लक राहिली ती शेती. ओढ्याकाठच्या खोलगट जागा हेरायच्या, बांध घालून माती अडवायची, खत घालून तोच तुकडा पुन्हा पुन्हा पिकवायचा. डोंगर न जाळता एका जागी टिकून राहण्याची ही शेती इथल्या लोकांनी पाहिली. सुटका झाल्यावर काही कैदी इथेच राहिले, त्यांनी स्थानिक बायकांशी संसार मांडले. पुढे जंगल राखण्याचे नियम कडक झाले, कुमरी आटली, धावडांच्या भट्ट्या विझल्या. डोंगरावर राहायचे तर मळा किंवा मजुरी, एवढेच हाती उरले. म्हणून बटाटा-गाजराचे मळे ही केवळ साहेबाच्या चवीची देणगी मानणे मला पटत नाही. एका बाजूला बेडीतले श्रम आणि दुसऱ्या बाजूला मोडलेली जुनी उपजीविका, या दोहोंच्या मधून ते आले.

आज पाऊस ओसरला की वाफे ओढले जातात, प्लॅस्टिकचे आच्छादन पसरते, ठिबकच्या नळ्या जोडल्या जातात. 2010 मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. भिलार, पाचगणीपर्यंत हीच लागवड दिसते. हे कष्ट आणि हे श्रेय आजच्या शेतकऱ्यांचे; त्यात कैद्यांचा वाटा शोधणे ओढूनताणून होईल.

पण नावांचा हिशेब तेवढा बघावा. एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन: कड्याकड्यावर साहेब नावानिशी उभे आहेत. चिनी माळ्यांच्या बागा जिथे होत्या, तिथल्या धबधब्याला चायनामन्स फॉल म्हणतात. माणसाचे नाव नाही, नुसती जात-मुलूख. मलायी कैद्यांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही.