‘मूर’ म्हणजे नेमके कोण?

इतिहासाच्या पुस्तकांत ‘स्पेनचे मूर’ असा उल्लेख वारंवार येतो. वाचणाऱ्याला वाटते, मूर नावाची एखादी जमात असावी. पण स्पेनच्या मुसलमानांत अशी एकच जमात नव्हती. हे नाव त्यांना इतरांनी दिले, आणि नाव देणारा बदलला की अर्थही बदलला.

रोमन लोक आजच्या मोरोक्को-अल्जीरियाकडील प्रदेशाला मॉरेटानिया आणि तिथल्या रहिवाशांना ‘मॉरस’ म्हणत. तेव्हा इस्लामचा उदयही झालेला नव्हता. इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद यांची फौज स्पेनमध्ये उतरली. तिच्यात बहुसंख्य बर्बर होते. पुढे स्पॅनिशमध्ये ‘मोरो’ म्हणजे मुसलमान हाच अर्थ रूढ झाला. मग तो अरब असो, बर्बर असो की पिढ्यान्‌पिढ्या स्पेनमध्येच राहिलेला. ‘किनाऱ्यावर मोरो नाहीत’ म्हणजे धोका नाही, असा वाक्प्रचार तिथे आजही आहे. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र ‘मूरासारखे राबणे’ म्हणजे खूप कष्ट करणे. एकीकडे भीती, दुसरीकडे घामाची आठवण!

इटालियनमध्ये ‘मोरो’ म्हणजे सावळा किंवा काळ्या केसांचा. धर्माचा संबंधच उरला नाही. जर्मनमध्ये हाच शब्द काळ्या माणसासाठी वापरला गेला आणि आज तो अपमानकारक मानला जातो. म्हणूनच तो असलेले बर्लिनमधील एका रस्त्याचे नाव बदलण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. इंग्रजीत शेक्सपिअरचा ऑथेल्लो ‘मूर’ आहे, पण नाटकात तो ख्रिस्ती आहे.

पोर्तुगीज भारतात आले, तेव्हा इथल्या मुसलमानांनाही त्यांनी तेच नाव दिले. अठराव्या शतकातले इंग्रज तर हिंदुस्तानी भाषेलाच ‘मूर्स’ म्हणत. श्रीलंकेच्या जनगणनेत ‘मूर’ हा समाज आजही नोंदला जातो. स्पॅनिशांनी फिलिपीन्सच्या मुसलमानांना ‘मोरो’ म्हटले. मोरोक्कोशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. धर्म एक, एवढेच पुरेसे ठरले. पण पुढे त्यांनीच ते नाव अभिमानाने स्वीकारले. २०१९ मध्ये तिथे स्थापन झालेल्या स्वायत्त प्रदेशाचे नाव ‘बांगसामोरो’, म्हणजे मोरो लोकांचा देश, असे आहे.

तेव्हा पुस्तकात ‘मूर’ दिसला की आधी विचारावे, हे कोणाच्या तोंडचे नाव आहे? आपल्याकडच्या कागदपत्रांतले ‘यवन’, ‘अविंध’ हे शब्द वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.