पहाटे साडेतीनची जाग

मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना आपल्यातल्याच एका गृहस्थांनी मला मोबाईल दाखवला. एक गोल घड्याळ होतं, आकड्यांशेजारी शरीरातले अवयव. रात्री १ ते ३ यकृत, ३ ते ५ फुफ्फुस. खाली लिहिलेलं, की ३ ते ५ च्या दरम्यान रोज जाग येत असेल तर तुमच्या फुफ्फुसात दुःख साठलंय, असं पाच हजार वर्षांचं चिनी शास्त्र सांगतं. ते म्हणाले, "सर, मला साडेतीनलाच जाग येते. खरं असेल का हे?" मी म्हटलं, पुढच्या वेळी यावरच बोलू. कारण मलाही साडेतीनलाच जाग येते.

आधीच सांगतो, मी वैद्य नाही, आणि चिनी ग्रंथ मी भाषांतरातूनच वाचलेत. तेव्हा औषध विचारू नका. पण एखादं मत किती जुनं आहे आणि मुळात कशासाठी मांडलं गेलं, हे तपासायची सवय तत्त्वज्ञान शिकवताना लागली. तेवढंच करतो.

पाच हजार वर्षं सोडून द्या. चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग'. त्याचं संकलन साधारण इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतलं मानतात. रचना संवादाची आहे. पीतसम्राट विचारतो, चीबो नावाचा वैद्य उत्तर देतो. आपल्याला उपनिषदं आठवतील. त्यातल्या 'लिंगशू' या भागाच्या अठराव्या अध्यायात सम्राट थेट आपलाच प्रश्न विचारतो. म्हाताऱ्यांना रात्री झोप का लागत नाही, आणि तरुणांना दिवसा का येत नाही?

उत्तर समजून घ्यायला दोन शब्द लागतात. चिनी लोक ज्याला 'ची' म्हणतात, त्याला आजपुरतं प्राण म्हणू. त्याचे दोन प्रकार इथं येतात. 'यिंग' म्हणजे नाड्यांतून वाहून पोसणारा, आणि 'वेइ' म्हणजे राखण करणारा. हा वेइ आपल्या गावातल्या जागल्यासारखा आहे. दिवसा शरीराच्या बाहेरच्या अंगानं २५ फेऱ्या, रात्री आतून २५. तो आत गेला की झोप, बाहेर आला की जाग. चीबो म्हणतो, तरुणाचं रक्त भरलेलं असतं, वाटा मोकळ्या असतात, म्हणून जागल्या वेळेवर जातो-येतो. म्हातारपणी रक्त कमी, मांस सुकलेलं, वाटा खडबडीत, पाची अवयवांचे प्राण एकमेकांशी झगडतात. यिंग तोकडा पडतो आणि राखणारा आतल्या आत पोखरू लागतो. म्हणून दिवसा तरतरी नाही आणि रात्री झोप नाही.

संपलं उत्तर. दुःखाचं नाव नाही. एकट्या फुफ्फुसाला दोष नाही, द्यायचाच तर पाचांनाही. आणि तीन वाजले होते की चार, हे कुणी विचारलेलंच नाही.

मग ते घड्याळ आलं कुठून? सुई टोचणाऱ्यांकडून. दिवसरात्रीचे बारा भाग, प्रत्येक भागात एका नाडीला भरती. ही मोजणी फुफ्फुसाच्या नाडीपासून सुरू होते आणि तिला ३ ते ५ चा भाग मिळतो. कोणत्या वेळी कुठं सुई टोचावी, हे ठरवण्याची 'झवू ल्यूजू' नावाची पद्धत बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास आकाराला आली. म्हणजे मुळात ते वेळापत्रक वैद्याचं होतं. फुफ्फुस आणि शोक यांचा संबंध नेइजिंगमध्ये आहे, तो खोटा नाही. पण तो वेगळ्या जागी, वेगळ्या संदर्भात आहे. कुणीतरी दोन्ही तुकडे शिवले आणि आपल्या उशाशी आणून ठेवले.

शिवाय तो काळ सूर्याचा होता. आज अख्ख्या चीनला बीजिंगची एकच वेळ लागू आहे. पश्चिमेच्या काश्गरमध्ये सूर्य त्या घड्याळाच्या जवळजवळ तीन तास मागे असतो. आपल्या गोंदियातसुद्धा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या साधारण ९ मिनिटं मागे आहे. फुफ्फुसानं कुणाचं घड्याळ बघायचं?

चिनी वैद्यांनी उपायही शोधले. लिंगशूतच एक काढा आहे. लांबून वाहत आलेलं पाणी हजारो वेळा ढवळायचं, निवळ घ्यायचं, बोरूच्या जाळावर त्यात चिकट भरडधान्य आणि एक कंद शिजवायचा. पुढं इसवी सन २०० च्या आसपास चांग चुंगचिंग या वैद्यानं अशक्तपणातल्या निद्रानाशावर रानबोरीच्या बियांचा काढा सांगितला. आपल्या धुऱ्यावरची बोर त्याच कुळातली आहे, पण तीच नव्हे. उद्या बिया फोडत बसू नका!

चिनी वैद्यक आपल्याकडे काही फक्त मोबाईलवरून आलं नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धातल्या चीनला गेले. त्यात सोलापूरचे कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे चोळकरही. ते तिकडं आधुनिक वैद्यक घेऊन गेले. त्यांच्यातले बसू पुढं सुया शिकून आले आणि कलकत्त्यात ती विद्या रुजवली.

आता आपल्या वाग्भटाकडे या. तो म्हणतो, वय, दिवस, रात्र आणि जेवण या प्रत्येकाच्या शेवटी वात वाढतो. म्हणजे म्हातारा माणूस आणि रात्रीचा शेवट, दोन वात एकत्र! हिशेब चीबोच्या जवळ जातो. आणि हाच वाग्भट निरोग्यानं ब्राह्ममुहूर्तावर उठावं असं सांगतो. सूर्योदयाआधी दीड तास धरा; जूनमध्ये इथं ते चारच्याही आधी येतं. मग लवकर म्हणजे किती लवकर? चैत्रात मोहफुलं वेचायला माझी आई तीनलाच टोपली घेऊन निघायची. झोपमोड झाली असं तिनं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबणार नाही. माझे एक जुने सहकारी रोज तीनला उठू लागले. तेच घड्याळ कुणीतरी त्यांना दिलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला; मग फुफ्फुसासाठी आठ महिने प्राणायाम केला. दरम्यान जेवण तुटलं, वजन उतरलं, वाचन सुटलं, आणि सकाळ सगळ्यांत जड जायची. शेवटी त्यांच्या पत्नीनं त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग, पुन्हा झोप नाही आणि सकाळी मन खचलेलं, हे नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे. उपचारांनी ते सावरले, पण ते आठ महिने फुकट गेले.

म्हणून त्या गृहस्थांना आता मीच विचारतो. साडेतीनला उठल्यावर तुम्ही काय करता? जेवण जातं का? दम लागून उठून बसावं लागतं का? लागत असेल तर आजच डॉक्टरकडे जा, हृदय तपासून घ्या. नसेल, तर उद्या मला फोन करा. साडेतीनला मी जागाच असतो.